खुणेचा मासा

केतकीने तळघरातून गळाच्या काठ्या वर आणल्या की समजावं, लाक्स माशाचे दिवस आले. जर्मनीतल्या या इंगोलश्टाटला समुद्र नाही. एक नदी आहे, तीही शाळेतल्या पोरांसारखी रांगेत चालते. पण एप्रिल उजाडला, झाडांना अजून पान नाही, ऊन आहे पण त्यात ऊब नाही, अशा एखाद्या सकाळी माझी सून दिवाणखान्यात लांबलांब काठ्या पसरून बसते, रिळांना तेल घालते, आणि घरात जुन्या दोरीचा, गंजाचा, वाळल्या खवल्यांचा पुसट वास सुटतो. तो वास आला की माझा हात आपोआप खिशात जातो. रुमाल आहे की नाही ते बघतो.

मी मार्चात येतो आणि पावसाच्या आधी गावी जातो. व्हिसा तीनच महिन्यांचा. एवढ्या दिवसांत हा देश कळत नाही, पण कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं. दुकानात रिकामी बाटली भिंतीतल्या भोकात टाकली की चिठ्ठी येते. रुपेश म्हणतो, त्याचे पैसे मिळतात बाबा. मी म्हणतो, मिळत असतील, पण बाटली आत गेल्यावर तिचं काय करतात ते तू पाहिलंयस का? तो हसतो. रुपेश माझा मुलगा, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तीन पिढ्या समुद्रावर काढलेल्या घरातला हा पहिला माणूस, ज्याला होडीत पाय ठेवला की उलटी होते. दोष देत नाही. आईवर गेलाय.

केतकी पुण्याची. लग्न होईपर्यंत तिच्या माहेरी मासा फक्त काचेच्या टाकीत होता. आता तीच गळाला गाठ मारते, आणि चांगली मारते, हे मला कबूल करावं लागतं. इथे मासे धरायला परीक्षा द्यावी लागते. खरं सांगतो. पुस्तक वाचायचं, प्रश्नांची उत्तरं लिहायची, पास झालात तर कार्ड. केतकी पहिल्या फटक्यात पास झाली. मला मात्र, वयाच्या बाराव्या वर्षापासून ज्याने समुद्राशिवाय दुसरं काही केलं नाही त्याला, पाहुण्यांना देतात ते तात्पुरतं कार्ड मिळालं. त्यावर सही करताना पेन मोडेल इतका जोर लावला. चौथीपर्यंत शिकलोय, सही येते.

गेल्या वर्षी तिने ठरवलं, ईस्टरच्या सुट्टीत बाबांना लाक्स धरायला न्यायचं. गाडीने दिवसभर उत्तरेला. र्युगन नावाचं बेट. इंग्रजीत त्याला सॅमन म्हणतात. गावी कोणी विचारलं लाक्स म्हणजे काय, तर रुपेश फोनवर सांगतो, आपला रावस. नाही. रावस तो रावस. लाक्सचं मांस भगव्या रंगाचं असतं, आणि ज्या मांसाचा रंग रंगवल्यासारखा दिसतो त्याला मी आधी नखाने खरवडून बघतो.

त्या समुद्राशी माझी पहिली भेट चांगली झाली नाही. किनाऱ्याला पांढरे कडे, खडूचे, जणू कोणी चुना फासून ठेवलाय. पाणी शांत. मी खाली उतरलो, ओंजळभर घेतलं, जिभेला लावलं. खारट नाही. म्हणजे आहे, पण आजाऱ्याच्या पेजेत असतं तेवढंच मीठ. संध्याकाळी पुन्हा गेलो. सकाळी ज्या दगडाला पाणी लागलेलं, त्याच दगडाला लागलेलं. भरती नाही, ओहोटी नाही. केतकी म्हणाली, "हो बाबा, हा समुद्र असाच आहे." मी म्हटलं, जो चढत नाही नि उतरत नाही त्याच्या मनात काय आहे ते कसं कळायचं?

गावी मी डोळे मिटून पाण्याची वेळ सांगतो. पडवीत बसलो असलो तरी खाडीच्या तोंडाशी पाणी कुठे आलंय ते कानाला कळतं. इथे कान रिकामे. नुसता गारठा, आणि वर पांढरे पक्षी आपल्याकडच्यासारखेच ओरडतात, तेवढीच एक ओळख.

होडीवाल्याचं नाव हेनिंग. साठीचा असेल. गाल लाल, बोलणं कमी. सकाळी "मोइन", म्हणजे तिकडचा रामराम, म्हणाला आणि दुपारपर्यंत त्यात फारशी भर घातली नाही. मला पहिल्यांदा त्याचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर आडवे वण, दोरीने कापल्याचे, माझ्या हातावर आहेत तसेच. खरं तर तिथेच मन निवायला हवं होतं. पण मी म्हटलं, हात ओळखीचे आहेत म्हणून माणूस ओळखीचा होत नाही. त्यात होडीवर पडदे, बटणं, पाण्याखालचं दाखवणारा टीव्ही. मासा कुठे आहे ते यंत्राला विचारणारा माणूस उद्या मासा कोणाचा तेही यंत्रालाच विचारेल.

रुपेश किनाऱ्यावर राहिला. आम्ही तिघं निघालो. होडी दोन्ही अंगांना काठ्यांचे हात पसरून गोगलगायीसारखी चालते, मागे चकचकीत पत्र्याचे खोटे मासे पाण्यातून नाचत येतात. आपण काहीच करायचं नाही. बसायचं. मला बसायची सवय नाही. माझ्या तळव्यात दोरी नाही, पायाखाली वल्ह्याचा धक्का नाही. वारा नाकातून आत जाऊन दात दुखवत होता. केतकीने थर्मासमधला आल्याचा चहा दिला, तो तेवढा आपला होता.

मग उजवीकडची काठी वाकली आणि रीळ ओरडलं.

ते सांगायला शब्द नकोत, हाताला माहीत आहे. दोरी जिवंत झाली की पन्नास वर्षं एका क्षणात परत येतात. गुडघे दुखायचे थांबतात. तो मासा खाली गेला, बाजूला गेला, एकदा पूर्ण वर आला आणि उन्हात आडवा चमकला. केतकी मागून माझ्या कोटाला धरून उभी. पाऊण तास झाला असेल की पाव, देव जाणे. होडीच्या कडेला आला तेव्हा पाहिलं, माझ्या हाताच्या पंजापासून खांद्यापर्यंतचा. पाठ काळीनिळी, कुशी चांदीच्या.

हेनिंग ओणवा झाला. जाळं घेतलं नाही. पाण्यातच माशाच्या पाठीकडे बघितलं, पकडीने गळ सोडवला आणि मासा सोडून दिला.

आयुष्यात माणसाच्या हातून मासा निसटलेला पाहिलाय, जाळं फाटलेलं पाहिलंय, पण धरलेला मासा कोणी हाताने परत पाठवलेला पाहिला नव्हता. केतकी समजावू लागली. लाक्सच्या पाठीवर, शेपटीच्या थोडा अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो. जो मासा नदीत आपोआप जन्मला त्याचा तो शाबूत असतो. तो सोडायचा, कारण ते कमी राहिलेत. आणि जी पिल्लं माणसांनी टाकीत वाढवून सोडली, त्यांचा पर लहानपणीच कापलेला असतो. तो मासा ठेवायचा, माणशी एक.

"म्हणजे सरकारचा मासा मला, आणि देवाचा मासा सोडायचा?"

"गेनाऊ बाबा, अगदी बरोबर," ती म्हणाली. तिला वाटलं मला पटलं.

मला पटलं नव्हतं. मला वाटलं, मी परका, म्हातारा, भाषा येत नाही. चांगला मासा उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवला. समुद्रच याचा, सोडला तरी जाणार कुठे.

इथे आमच्या वाडीची रीत सांगायला हवी. आम्ही चार माणसं एका होडीत गळाला जायचो. मोठा मासा ज्याच्या गळाला लागला त्याने त्याच्या परावर आपल्या घराची खूण करायची. कोणाची खाच, कोणाचा सरळ काप, आमचा तिरका. कापलेला तुकडा रुमालात गुंडाळून आपल्या खिशात. किनाऱ्यावर ढीग पडला की तुकडा काढून माशाला लावायचा. जुळला की तोंड उघडायची गरज नाही. कोणी आपल्या खुणेचा मासा दुसऱ्याला दिला, तर घेणाऱ्याने त्याच जागी, त्या खुणेवर आपला काप घालायचा, म्हणजे देणं पुरं झालं. नाहीतर तो मासा चोरीचा. आणि खाऊन झाल्यावर तुकडा तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, समोर पाण्यात टाकायचा.

ही रीत मी एकदाच पाळली नाही. पंचविशीत होतो. घोळ मासळी लागली होती, अशी घोळ की वाडीतली बायकापोरं बघायला आली. मी म्हटलं, ही माझी आहे हे सगळ्या जगाला दिसतंय, खूण कशाला. दलालाच्या पाटीत ठेवली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर पाटीत घोळच होती, पण माझी नव्हती. अर्ध्या अंगाची. मी ओरडलो, दलाल शपथेवर नाही म्हणाला, लोक दोघांकडे बघून पांगले. त्या दिवसापासून चहाची चव मला पुरी लागत नाही, आणि माझ्या खिशात रुमाल असतो.

तर दुसरा मासा लागला. पहिल्यापेक्षा लहान, पण अंगाने भरलेला. या वेळी हेनिंगने जाळं घातलं, वर घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला. पराच्या जागी मसुरीच्या दाण्याएवढी गाठ होती, वाकडी, कातडी वरून चढलेली. त्याने ती मला दाखवली आणि मान हलवली. मग आधी डोक्यात दांडका, मग सुरीने रक्त काढलं. म्हणे तसा कायदा आहे, माशाला तडफडू द्यायचं नाही. मला ते बरं वाटलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. मासा त्याने बर्फाच्या पेटीत ठेवला. केतकीने सांगितलं, हा बंदरावर नेऊन साफ करून देईल, आपण तासाभराने जायचं.

तासाभराने. चहा प्यायला पाठवतात तसं.

होडी वळली. हेनिंग पुढे काचेच्या खोलीत चाकाशी, पाठ माझ्याकडे. केतकी मागे दोऱ्या गुंडाळत होती. मी पेटी उघडली, गावाहून आणलेली लाकडी मुठीची सुरी काढली, आणि त्या गाठीसकट कातडीचा तुकडा तिरका कापून घेतला. सरकारच्या खुणेवर माझी खूण. रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला, झाकण लावलं. मला तेव्हा इतकं शांत वाटलं म्हणून सांगू.

बंदराला लागलो तेव्हा धक्क्यावर जाकीट घातलेला एक माणूस उभा होता. मासेमारीवर देखरेख ठेवणारा. कार्डं बघितली, माझंही बघितलं, सही बघितली. मग पेटी उघडली आणि वाकला. वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला. हेनिंगने पेटीत पाहिलं आणि त्याच्या गालांचा लाल रंग उतरत उतरत गळ्यापाशी गेला.

केतकी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत ही जखम ताजी आहे. म्हणजे पर शाबूत होता, मासा सोडायचा होता, आणि यांनी होडीवर पर कापून तो खुणेचा असल्याचं भासवलं." मग आणखी हळू, "होडीची परवानगी जाईल त्यांची. मला नव्हतं वाटलं हा माणूस असा असेल."

शेवटचं वाक्य माझ्या कानात आजही आहे. तिनेही त्याच्यावर संशय घेतला. सकाळपासून ज्याच्यावर संशय घेणारा मी एकटा होतो, त्याच्यावर आता त्या दोघांचा झाला, आणि नेमका तेव्हाच माझा गेला होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो व्हिसाचा. दुसरा रुपेशच्या नोकरीचा. तिसरा, ज्याची मला सगळ्यात लाज वाटते, तो असा की सुनेसमोर हे सांगायचं कसं. अंगात गरम कोट, खाली गार धक्का, कोणीतरी जवळच मासा धुरावत होतं त्याचा गोड वास. जाकीटवाला वहीत लिहू लागला. हेनिंगने एकदा माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. खिशाकडे. मग नजर काढून समुद्राकडे लावली.

मी रुमाल काढला, उघडला आणि जाकीटवाल्यासमोर धरला.

"केतकी, सांग त्यांना. मी कापला. आमच्याकडे अशी रीत आहे."

"कशासाठी बाबा?"

"हा माणूस मासा बदलेल म्हणून."

जर्मनमध्ये एवढं लहान वाक्य सांगायला तिला खूप वेळ लागला. मी जमिनीकडे बघत होतो, तरी ते वाक्य हेनिंगपर्यंत पोचल्याचं मला कळलं, कारण त्याचे बूट हलायचे थांबले.

जाकीटवाल्याने तुकडा बोटांच्या चिमटीत धरून जखमेवर लावला. जुळला. आमच्या वाडीत जुळतो तसा, कडेला कड. त्याने खिशातून भिंग काढलं. ती मसुरीएवढी गाठ, तिच्यावर जुनी कातडी चढलेली, वर्षांपूर्वी कापल्याची साक्ष. वहीतलं लिहिलेलं त्याने आडवी रेघ मारून खोडलं. मला बोट दाखवून समज दिली, धक्क्याला लागेपर्यंत माशाच्या खुणेला सुरी लावायची नाही. मी मान खाली घातली. चौथीत मास्तरसमोर घातली होती, त्यानंतर कोणासमोर नाही.

हेनिंग रागावला असता तर सोपं होतं. त्याने मासा उचलला, धक्क्यावरच्या फळीवर ठेवला आणि मला हाताने जवळ बोलावलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याने तो साफ केला. पोट उघडलं, थांबला, मला दाखवलं. एक बाजू काढली, थांबला, दाखवली. डोकं, काटा, सगळं. एकही गोष्ट माझ्या नजरेआड केली नाही. मी मनात म्हणत होतो, पुरे रे बाबा. पण त्याची भाषा मला येत नव्हती, आणि माझ्या भाषेत मी ते मोठ्याने म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी भाड्याच्या घरात मी आमटी केली. ओलं खोबरं नव्हतं, डब्यातलं नारळाचं दूध वापरलं. तिरफळं आणि आमसुलं माझ्या सामानात होती. लाक्सला तेल फार, वर भगवे डोळे तरंगायला लागले, मला वाटलं बिघडली. रुपेशने तीन वेळा भात घेतला. केतकी, जिला काट्याची भीती वाटायची, ती शेपटीकडचा तुकडा चोखत बसली. मी खाल्लं. चांगला होता, कबूल आहे. पोटाकडचा भाग तर जिभेवर ठेवला की विरघळतो, चावायला काही राहतच नाही. एवढा मऊ मासा मला थोडा संशयास्पदच वाटतो, पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

डोकं मात्र ताटात घेता येईना. आमच्याकडे पहिल्या माशाचं डोकं तांडेलाचं. मी ते आमटीसकट डब्यात घातलं आणि केतकीला म्हटलं, देऊन ये. तिने विचारलं काय सांगू. मी म्हटलं, काही नको, डोकं आहे म्हणावं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना डबा परत आला. धुतलेला, आणि आत धुरावलेल्या माशाचे दोन तुकडे कागदात. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्या माणसाला कोणी शिकवलं? केतकी शपथ घेते की तिने नाही.

गावी गेल्यावर वर्षभर मी एकच गोष्ट उलटसुलट करत राहिलो. त्याने खिशाकडे का बघितलं? चाकाशी उभा होता, पाठ माझ्याकडे होती. पण समोर काच होती, आणि काचेत मागचं दिसतं. त्याने मला कापताना पाहिलं असेल तर धक्क्यावर बोट दाखवायला काय हरकत होती? परवानगी त्याची जात होती, माझी नाही. परक्या म्हाताऱ्याचं नाव सांगून मोकळा झाला असता. आमच्या वाडीत एखादा तांडेल असा असायचा, होडीतल्या माणसाची चूक धक्क्यावर सांगायचा नाही, माणूस आपणहून बोलायची वाट बघायचा. पण ते आमच्या वाडीत. इथल्या माणसाबद्दल असं काही मानून चालायला मी काही दूधखुळा नाही.

या मार्चात आलो तेव्हा स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे एक लहान बाटली दिसली. त्या दिवशीचा तुकडा. मी तो पाण्यात टाकला नव्हता, तांडेलासमोर टाकायचा असतो आणि मला तोंड नव्हतं. मिठात घालून इथेच विसरून गेलो होतो. केतकीने फेकला असेल असं धरून चाललो होतो. तिने बाटलीला कागद चिकटवलाय, इथल्या लोकांना सगळ्याला कागद चिकटवायची सवय असते तसा. त्यावर लिहिलंय, बाबांचा.

काल तिने हेनिंगला निरोप पाठवला, आम्ही येतोय. त्याचं उत्तर आलं. केतकीने वाचलं, हसली, पुन्हा वाचलं. "ते म्हणतायत, बाबांना सांग, सुरी आणायला विसरू नका."

असं का लिहिलं असेल? टोमणा आहे? की त्याने त्या दिवशी काचेत सगळं पाहिलं आणि आता ते मला सांगतोय? रुपेश म्हणतो, साधी गंमत केली त्याने बाबा. साधी गंमत कोणी वर्षभर जपून ठेवतो का?

सुरी घेतलीय. बाटलीही घेतलीय. होडी ते पांढरे कडे मागे टाकून बाहेर गेली की तुकडा त्याच्या हातावर ठेवीन आणि काही सांगणार नाही. केतकीलाही सांगू देणार नाही. तो आधी तुकड्याकडे बघतो की काचेकडे, एवढंच मला बघायचंय.